उपासक नसलेले स्तूप आणि सुभाष कपूरची गॅलरी

सुभाष कपूर हे नाव बातम्यांत येते तेव्हा सोबत तामिळनाडूतील नटराज येतो. ते साहजिक आहे. त्याला भारतीय न्यायालयाने शिक्षा दिली ती तामिळनाडूतील मंदिरातल्या चोरीसाठी, आणि त्याने सर्वात मोठ्या किमतीला विकलेल्या वस्तूंपैकी एक होता श्रीपुरंदनचा नटराज. मात्र न्यूयॉर्कच्या मॅडिसन अव्हेन्यूवरील त्याच्या 'आर्ट ऑफ द पास्ट' या गॅलरीतून बौद्ध शिल्पेही विकली गेली. आंध्र प्रदेशातल्या चंदवरम स्तूपाचे एक शिल्प तिथूनच ऑस्ट्रेलियाला गेले. आपल्या चळवळीत या गोष्टीची चर्चा जवळजवळ झालेलीच नाही. ती व्हावी म्हणून हा लेख.

आम्हाला एका गुन्हेगाराची सनसनाटी कहाणी सांगायची नाही. एक कलाविक्रेता तीसपस्तीस वर्षे प्रतिष्ठेने धंदा करतो, जगातली मोठी म्युझियम त्याच्याकडून खरेदी करतात, त्याचे आभार मानतात आणि कुणी अडवत नाही, हे कसे शक्य झाले? या प्रश्नाचे उत्तर आपल्याशी संबंधित आहे.

दिल्ली ते मॅडिसन अव्हेन्यू

कपूरचा जन्म १९४९ चा. वडिलांचा दिल्लीत जुन्या कलावस्तूंचा व्यवसाय होता, त्यामुळे घरातच हा धंदा शिकायला मिळाला. १९७० च्या दशकात तो अमेरिकेत गेला, तिथला नागरिक झाला आणि न्यूयॉर्कमध्ये त्याने गॅलरी उभी केली. सोबत 'निंबस इम्पोर्ट एक्स्पोर्ट' ही आयात-निर्यात कंपनीही होती. गॅलरी ही दर्शनी बाजू आणि कंपनी ही मालाची वाट.

तो काळ लक्षात घ्या. १९७० मध्ये युनेस्कोने सांस्कृतिक वस्तूंची चोरटी निर्यात रोखण्यासाठी आंतरराष्ट्रीय करार केला. भारताने १९७२ मध्ये पुरावस्तू आणि कलासंपदा कायदा केला आणि तो १९७६ पासून अमलात आला. या कायद्याने शंभर वर्षांहून जुनी मूर्ती, शिल्प, नाणे अशी वस्तू देशाबाहेर नेण्याचा अधिकार खासगी व्यक्तीला उरला नाही. म्हणजे कपूरने दुकान थाटले तेव्हा त्याच्या मालाचा कायदेशीर रस्ता बंद होत आला होता. तरीही माल येत राहिला, कारण अमेरिकेत, युरोपात आणि ऑस्ट्रेलियात मागणी होती आणि भारतात राखण नव्हती.

कपूर हा काही कोपऱ्यातला चोरबाजारी दुकानदार नव्हता. न्यूयॉर्कच्या आशियाई कलेच्या वार्षिक सप्ताहात त्याचे नाव असे. गुळगुळीत कागदावर छापलेले कॅटलॉग निघत. अमेरिकेतील अनेक म्युझियम, सिंगापूरचे एशियन सिव्हिलायझेशन्स म्युझियम, कॅनबेऱ्याची नॅशनल गॅलरी ऑफ ऑस्ट्रेलिया हे त्याचे ग्राहक. तो देणगीदारही होता. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमने २००९ मध्ये त्याने भेट दिलेल्या भारतीय रेखाटनांचे स्वतंत्र प्रदर्शन भरवले आणि प्रदर्शनाच्या नावात त्याचे नाव घातले.

दान हा शब्द आपल्याला जवळचा आहे, म्हणून इथे थोडे थांबले पाहिजे. म्युझियमला भेट दिली की विक्रेत्याला प्रतिष्ठा मिळते. प्रतिष्ठा मिळाली की पुढच्या विक्रीत त्याला कागद कमी विचारले जातात. कपूरने दिलेल्या भेटी म्हणजे धंद्यातली गुंतवणूक होती, असेच त्याच्या पुढच्या इतिहासाकडे पाहून म्हणावे लागते.

धंदा चालायचा कसा

तामिळनाडू पोलीस आणि अमेरिकी तपास यंत्रणा यांच्या तपासातून जे चित्र उभे राहिले ते असे. खाली गावपातळीवर चोरांच्या टोळ्या. त्यांच्यावर शहरातला मध्यस्थ. निवड अशा देवळांची, जिथे रोजची पूजा थांबली आहे, कुलूप गंजले आहे, वटवाघळे राहतात. अरियलूर जिल्ह्यातील सुत्तमल्ली आणि श्रीपुरंदन ही अशीच दोन गावे. सुत्तमल्लीच्या वरदराज पेरुमाळ मंदिरातून अठरा आणि श्रीपुरंदनच्या शिवमंदिरातून आठ धातूच्या मूर्ती गेल्या. श्रीपुरंदनची चोरी तर २००८ मध्ये, म्हणजे मूर्ती जाऊन बराच काळ लोटल्यावर लक्षात आली.

चोरलेली मूर्ती बाहेर काढण्यासाठी नव्या हस्तकलेच्या वस्तूंत मिसळली जायची. कागदावर सारेच 'हस्तकला'. २००७ मध्ये भारतातून निघालेल्या अशा एका मालाची खबर न्यूयॉर्कच्या भारतीय वाणिज्य दूतावासाला लागली आणि अमेरिकी अधिकाऱ्यांचे लक्ष कपूरकडे वळले. त्या तपासाला पुढे 'ऑपरेशन हिडन आयडॉल' असे नाव पडले.

माल परदेशात पोहोचला की खरे काम सुरू व्हायचे, ते कागदांचे. मूर्ती १९७० च्या आधीच भारताबाहेर गेली होती असे दाखवणारी कागदपत्रे तयार केली जायची. नटराजाच्या बाबतीत सांगितले गेले की तो दिल्लीत राहिलेल्या एका सुदानी मुत्सद्द्याने त्या काळात विकत घेतला होता. ही कथा खोटी निघाली. २००८ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या गॅलरीने त्या नटराजासाठी सुमारे ५० लाख अमेरिकी डॉलर मोजले. खरेदीपूर्वी हरवलेल्या कलावस्तूंच्या एका खासगी नोंदवहीकडून दाखलाही घेतला होता, की ही वस्तू चोरीची म्हणून नोंदलेली नाही.

हा दाखला खरा होता, यातच सगळी मेख आहे. चोरीची नोंद नव्हती, कारण चोरी झाल्याचे कुणाला कळलेच नव्हते. जिच्या नसण्याची तक्रार नाही ती वस्तू बाजाराच्या हिशेबी स्वच्छ ठरते. कपूरचा सगळा धंदा या एका फटीतून चालला.

चंदवरमचे शिल्प

आता आपल्या वारशाकडे येऊ. आंध्र प्रदेशात गुंडलकम्मा नदीच्या काठी चंदवरम आहे. तिथला महास्तूप १९६० च्या दशकात उजेडात आला आणि १९७० च्या दशकात तिथे उत्खनन झाले. अमरावती आणि नागार्जुनकोंडा यांच्याच परंपरेतली चुनखडीच्या दगडातली शिल्पे तिथे मिळाली आणि ती स्थळावरच ठेवली गेली. पुढे तिथून शिल्पे चोरीला गेली.

२००५ मध्ये नॅशनल गॅलरी ऑफ ऑस्ट्रेलियाने कपूरच्या गॅलरीकडून तिसऱ्या शतकातले एक चुनखडीचे शिल्प ५ लाख ९५ हजार अमेरिकी डॉलरना घेतले. गॅलरीने त्याला दिलेल्या नावाचा मराठीत अर्थ होतो 'बुद्धाचे उपासक'. पुढे हेच शिल्प भारतात असतानाचे छायाचित्र समोर आले आणि १९७० पूर्वी ते देशाबाहेर गेले असल्याचा दावा कोसळला. सप्टेंबर २०१६ मध्ये कॅनबेऱ्यात ते भारताच्या सांस्कृतिक मंत्र्यांकडे सुपूर्द करण्यात आले.

त्याच कार्यक्रमात आणखी एक बौद्ध शिल्प परत मिळाले: मथुरा शैलीतली, लाल वालुकाश्मातली, दुसऱ्या शतकातली बसलेली बुद्धमूर्ती. ती मात्र कपूरने विकलेली नव्हती. न्यूयॉर्कच्याच दुसऱ्या गॅलरीमालक नॅन्सी वीनर यांनी ती २००७ मध्ये १० लाख ८० हजार डॉलरना विकली होती. तिच्याही मालकीचा पूर्वेतिहास बनावट निघाला. वीनर यांना २०१६ मध्ये अटक झाली आणि २०२१ मध्ये त्यांनी न्यायालयात गुन्हा कबूल केला. मालकीचा धड इतिहास नसलेल्या वस्तूंची खरेदी-विक्री ही या बाजारात वर्षानुवर्षे रीतच होती, असे त्यांनी तेव्हा सांगितले.

म्हणून एकट्या कपूरला खलनायक करून आपण मोकळे होऊ शकत नाही. एकाच शहरातल्या दोन वेगवेगळ्या गॅलऱ्या, दोन बौद्ध शिल्पे, एकच ग्राहक आणि खोट्या कागदांची एकच पद्धत. कपूर हा त्या बाजारातला मोठा व्यापारी होता. बाजार त्याच्या आधी होता आणि तो तुरुंगात गेल्यावरही उरला.

अटक, शिक्षा आणि उरलेला हिशेब

ऑक्टोबर २०११ मध्ये जर्मनीतल्या फ्रँकफर्ट विमानतळावर कपूरला अटक झाली. जुलै २०१२ मध्ये त्याला भारताच्या ताब्यात देण्यात आले. त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये त्याच्या गॅलरीवर आणि गोदामांवर छापे पडले. गॅलरीच्या व्यवस्थापकाने डिसेंबर २०१३ मध्ये गुन्हा कबूल केला. ऑस्ट्रेलियाच्या गॅलरीने २०१४ मध्ये नटराजाच्या पैशांसाठी कपूरवर न्यूयॉर्कमध्ये दावा लावला आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ऑस्ट्रेलियाच्या पंतप्रधानांनी तो नटराज दिल्लीत आणून परत दिला.

१ नोव्हेंबर २०२२ रोजी कुंभकोणमच्या न्यायालयाने सुत्तमल्ली मंदिराच्या प्रकरणात कपूर आणि त्याच्या साथीदारांना दोषी ठरवले. कपूरला दहा वर्षांची शिक्षा झाली. अमेरिकेतही मॅनहॅटनच्या जिल्हा वकिलांच्या कार्यालयाने २०१९ मध्ये त्याच्यावर आरोप ठेवले आहेत. कपूरने आपल्यावरील आरोप नाकारले असून अमेरिकेतील आरोप सिद्ध झालेले नाहीत, हेही नोंदवले पाहिजे. त्या कार्यालयाच्या म्हणण्यानुसार २०११ ते २०२२ या काळात कपूर आणि त्याच्या जाळ्याशी संबंधित अडीच हजारांहून अधिक वस्तू जप्त झाल्या आणि त्यांची किंमत १४ कोटी ३० लाख डॉलरहून जास्त होते. नोव्हेंबर २०२४ मध्ये अमेरिकेने भारताला एकाच वेळी १,४४० वस्तू परत केल्या. त्यांतल्या वस्तूंचा संबंध कपूर आणि वीनर या दोघांच्याही प्रकरणांशी होता.

हे आकडे वाचून समाधान वाटते. पण इथेच एक प्रश्न विचारायचा आहे. जे परत आले ते का परत आले?

परत येण्यामागे फोटो असतो

श्रीपुरंदनचा नटराज ओळखता आला, कारण पाँडिचेरीच्या फ्रेंच संस्थेने पूर्वी त्या मंदिरातल्या मूर्तींची छायाचित्रे काढून ठेवली होती. दोन्ही छायाचित्रे शेजारी ठेवली की नाकारायला जागा उरत नव्हती. चंदवरमच्या शिल्पाचेही तसेच. नालंदाच्या पुरातत्त्व संग्रहालयातून १९६१ मध्ये चौदा मूर्ती चोरीला गेल्या. त्यांतली एक कांस्य बुद्धमूर्ती तब्बल सत्तावन्न वर्षांनी, २०१८ च्या मार्चमध्ये, नेदरलँड्सच्या मास्ट्रिख्ट येथील कलामेळ्यात विक्रीला आलेली दिसली. 'इंडिया प्राइड प्रोजेक्ट'चे विजयकुमार आणि कलावस्तूंच्या गुन्ह्यांचा अभ्यास करणाऱ्या लिंडा अल्बर्टसन यांनी ती ओळखली आणि १५ ऑगस्ट २०१८ रोजी लंडनच्या पोलिसांनी ती भारतीय उच्चायुक्तांकडे दिली. चोरी झालेल्या संग्रहाची नोंद होती म्हणूनच ही ओळख पटवता आली.

बिहारच्या देवीस्थान कुंडलपूर येथून २००० च्या सुमारास चोरीला गेलेली अवलोकितेश्वर पद्मपाणीची मूर्ती २०२२ मध्ये इटलीतल्या मिलान इथे परत मिळाली. बोधगयेजवळच्या एका मंदिरातून १९८० च्या दशकात गेलेली मंजुश्रीची मूर्ती अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या म्युझियमपर्यंत पोहोचली होती. तीही २०१८ मध्ये भारताला मिळाली.

याचा अर्थ सरळ आहे. ज्यांची नोंद होती त्या सापडल्या. ज्यांची नोंदच नव्हती त्या आजही कुणाच्या दिवाणखान्यात, कुणाच्या गोदामात असतील आणि कागदोपत्री त्या चोरीच्या नाहीत.

देशाची अवस्था काय आहे? पुरावस्तूंची नोंद करण्यासाठी केंद्र सरकारने २००७ मध्ये राष्ट्रीय मोहीम सुरू केली. देशात सुमारे ५८ लाख पुरावस्तू असाव्यात असा अंदाज आहे. २०२३ मध्ये संसदीय समितीसमोर आलेल्या माहितीप्रमाणे त्यांतल्या सुमारे १६ लाख ८० हजारांची नोंद झाली होती, म्हणजे जेमतेम तीस टक्के. उरलेल्या सत्तर टक्के वस्तू पुढच्या कपूरसाठी मोकळ्या आहेत. कायद्याचा धाकही किती? १९७२ च्या कायद्याखाली बेकायदा निर्यातीला किमान सहा महिने आणि कमाल तीन वर्षे शिक्षा आहे. लाखो डॉलरच्या धंद्यापुढे ही शिक्षा म्हणजे व्यवसायातला एक खर्च झाला.

मंदिराला भक्त असतो, स्तूपाला कोण?

बौद्ध वारशाचा प्रश्न इथे आणखी अवघड होतो. तामिळनाडूतल्या मंदिरांतली पूजा थांबली होती तरी गाव होते, देवाचे नाव लोकांना माहीत होते, चोरी कळल्यावर हळहळणारी माणसे होती. म्हणून तक्रार झाली, खटला उभा राहिला. कपूरला शिक्षा झाली ती मंदिराच्या चोरीत. कारण त्या मूर्तीला 'आमची' म्हणणारे कुणीतरी होते.

शतकानुशतके उपासकांपासून तुटलेल्या स्तूपाला आणि विहाराला कोण आहे? जवळच्या गावाला ते 'जुने दगड' वाटतात. शेतात नांगराला लागलेली बुद्धमूर्ती पाराखाली नेऊन ठेवली जाते, तिला शेंदूर लागतो, वेगळे नाव मिळते. एके दिवशी ती नाहीशी होते आणि गाव म्हणते, देव गेला. गेलेला बुद्ध होता, हे कुठेच लिहिले जात नाही. ज्या स्तूपाला उपासक उरला नाही, तिथे नियमाने येणारा पहिला माणूस चोर असतो. याला आम्ही धार्मिक भावनेचा प्रश्न म्हणत नाही. उपस्थिती कुणाची आहे, हा खरा प्रश्न आहे.

धर्मांतरानंतर बाबासाहेबांनी आपल्याला जे दिले त्यात हा वारसाही आला. कार्ले, कान्हेरी, जुन्नर, कुडा, नाशिक, अजिंठा इथे आपण पाहुणे म्हणून जात नाही. तिथल्या शिलालेखांत दाते कोण आहेत ते वाचा. कार्ल्याला सुताराचे दान आहे, कुड्याला माळ्याचे आहे, कान्हेरीला कल्याणच्या सोनाराचे आहे. भिक्खुणी आहेत, व्यापारी आहेत, घरच्या बाया आहेत. कष्टकऱ्यांनी संघाला दिलेले हे दान आहे.

विनयपिटकातल्या चुल्लवग्गात विहार, विहाराची जमीन, तिथले सामान अशा पाच प्रकारच्या संघाच्या मालमत्तेबद्दल एक नियम आहे. ती कुणाला देऊन टाकता येत नाही, संघालाही नाही आणि एखाद्या भिक्खूलाही नाही. दिलीच तर ते देणे झालेच नाही असे समजावे. या नियमाच्या प्रकाशात मॅडिसन अव्हेन्यूवरचा व्यवहार पाहा. कागद खरे असोत की खोटे, जी वस्तू विकण्याचा अधिकार मुळात कुणालाच नव्हता तिची किंमत ठरवली गेली.

पिपरहवाने शिकवलेले

हाच मुद्दा २०२५ मध्ये पिपरहवाच्या रत्नांच्या निमित्ताने जगासमोर आला. १८९८ मध्ये विल्यम पेपे या इंग्रज जमीनदाराने आजच्या उत्तर प्रदेशातल्या पिपरहवा इथला स्तूप खोदला. तथागतांच्या अस्थी आणि त्यांसोबत पुरलेली रत्ने मिळाली. अस्थी सयामच्या राजाला देण्यात आल्या, बहुतेक रत्ने कलकत्त्याच्या म्युझियमला गेली आणि काही हिस्सा पेपे यांच्याकडे राहू दिला गेला. तोच हिस्सा ७ मे २०२५ रोजी हाँगकाँगला सोदबीज या कंपनीच्या लिलावात निघणार होता. जगभरच्या बौद्धांनी आवाज उठवला, भारत सरकारने कायदेशीर नोटीस दिली, लिलाव थांबला. ३० जुलैला रत्ने भारतात परत आल्याचे जाहीर झाले.

याचा आनंद आम्हालाही झाला. पण ती परत आली कशी? गोदरेज समूहाने ती विकत घेतली. किंमत जाहीर झाली नाही. म्हणजे लिलाव टळला, विक्री टळली नाही. बुद्धधातूंसोबत पुरलेल्या वस्तूंना बाजारभाव असतो हे तत्त्व मान्य होऊनच प्रश्न मिटला. कपूरचे प्रकरण उघड चोरीचे आहे आणि पिपरहवा वसाहतीच्या काळातल्या 'कायदेशीर' मालकीचे. दोन्हीत एक साम्य आहे. सौदा करणारे, परत मागणारे आणि परत आल्यावर ठेवणारे यांच्यात बौद्ध समाजाला कुठेही विचारले जात नाही. बोधगयेच्या महाविहाराच्या व्यवस्थापनासाठी १९४९ च्या कायद्याविरुद्ध जे आंदोलन सुरू आहे, त्याच्या मुळाशीही हेच आहे: वारसा बौद्धांचा, निर्णय इतरांचा.

काही लोकांचा आक्षेप

कुणी म्हणेल, परदेशी म्युझियममध्ये ही शिल्पे सुरक्षित तरी होती, इथे तर ती पावसात भिजत पडतात. यातला दुसरा अर्धा भाग खरा आहे आणि तो आपल्या सरकारांना लाज वाटायला लावणारा आहे. पण पहिला भाग फसवा आहे. म्युझियम चोरीचा माल लाखो डॉलरना घेते, म्हणून चोरी करणे परवडते. संरक्षणाच्या नावाने मोजलेला प्रत्येक डॉलर पुढच्या स्तूपावर छिन्नी चालवायला पाठबळ देतो. शिवाय स्तूपावरून कापून काढलेले शिल्प शिल्प म्हणून उरते, इतिहास म्हणून अर्धे मरते. ते कुठल्या दिशेला होते, शेजारी कुठले दृश्य होते, खाली कुणाच्या दानाचा लेख होता, हे सगळे कायमचे जाते. अजिंठ्याच्या भिंतीवरून निघालेला चित्राचा एक तुकडा आज अमेरिकेतल्या बोस्टनच्या म्युझियममध्ये आहे. तिथे तो नीट जपला असेल, पण ती भिंत मात्र इथे अर्धवट उभी आहे.

आपण काय करायचे

महाराष्ट्रात गेल्या काही वर्षांत तरुणांनी एक चांगले काम उभे केले आहे. रविवारी लेण्यांवर जायचे, साफसफाई करायची, धम्मलिपी शिकायची, शिलालेख वाचायचे. अनेकांना ही निव्वळ सहल वाटते. आम्हाला वाटते, वारसा वाचवण्याचे सर्वात परिणामकारक काम हेच आहे. माणसांचा राबता असलेल्या ठिकाणी चोर सहजासहजी हात घालत नाही. या कामाला आता नोंदीची शिस्त जोडली पाहिजे.

एक, तालुक्यातल्या सुट्या शिल्पांची नोंद करा. प्रसिद्ध लेण्यांचे फोटो हजारोंनी आहेत. धोका आहे तो शेतातल्या, पारावरच्या, पडक्या विहाराजवळच्या मूर्तींना. प्रत्येकीचा समोरून, दोन्ही बाजूंनी आणि शक्य तर मागून फोटो घ्या. शेजारी मोजपट्टी ठेवा. उंची, रुंदी, दगडाचा प्रकार, अक्षरे, आणि मुख्य म्हणजे तुटफूट टिपा. नाकाचा उडालेला टवका, तुटलेले बोट, पाठीवरची भेग हीच त्या मूर्तीची ओळख असते. खोटे कागद कितीही बनवले तरी टवका बदलता येत नाही.

दोन, ही नोंद समाजमाध्यमांवर टाकू नका. एकाकी ठिकाणच्या लहान मूर्तीचा नेमका पत्ता जाहीर करणे म्हणजे चोराला वाट दाखवणे. नोंदीची एक प्रत मंडळाकडे ठेवा, एक पुरातत्त्व विभागाकडे लेखी द्या आणि पोहोच घ्या. 'लाइक' मिळणार नाहीत, पण उद्या न्यायालयात तोच कागद उभा राहील.

तीन, मूर्ती हलवू नका, रंगवू नका, रसायनाने धुऊ नका. आपल्या विहारात आणून ठेवण्याचा मोह होतो, हेतूही चांगला असतो. पण मूळ जागेवरून हललेली वस्तू पुरावा म्हणून दुबळी होते, आणि कायद्याचा बडगा उलट आपल्याच कार्यकर्त्यावर येऊ शकतो. जमिनीत काही सापडले तर १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवायचे असते.

चार, मूर्ती जागेवर नाही असे दिसले तर त्याच दिवशी पोलिसांत जा आणि फोटोसह गुन्हा नोंदवा. 'आधी गावात चौकशी करू' म्हणून आठवडा घालवू नका. नोंदलेली चोरीच आंतरराष्ट्रीय यादीत पोहोचू शकते. इंटरपोलने चोरीच्या कलावस्तूंची यादी मोबाइलवर पाहता येईल असे 'आयडी-आर्ट' नावाचे ॲप काढले आहे. अभ्यासू कार्यकर्त्यांनी ते वापरून पाहावे.

पाच, परत आलेल्या बौद्ध वस्तूंचा हिशेब मागा. कुठले शिल्प कधी आले, आज कुठे आहे, मूळ स्थळी कधी जाणार? भारत आणि अमेरिका यांच्यात जुलै २०२४ मध्ये सांस्कृतिक वारशाबाबत करार झाला, त्यामुळे येणाऱ्या वस्तू वाढतील. त्या दिल्लीच्या पेट्यांत बंद राहणार असतील तर मॅडिसन अव्हेन्यूचे गोदाम आणि सरकारी गोदाम यांत फरक तो किती? माहितीचा अधिकार आपल्या हातात आहे. तो वापरायला पैसे कमी आणि चिकाटी जास्त लागते.

कपूरला दहा वर्षांची शिक्षा होऊन एक प्रकरण संपले. तो ज्या फटीतून आत आला ती फट मात्र तशीच आहे: नोंद नाही, राखण नाही, मालकी सांगणारे कुणी नाही. पहिल्या दोन गोष्टी सरकारच्या आहेत आणि त्या सरकारकडून भांडून घ्याव्या लागतील. तिसरी आपली आहे. चंदवरमच्या त्या दगडावरचे उपासक अठराशे वर्षे जागेवर उभे होते. जिवंत उपासक आजूबाजूला नव्हते, म्हणून ते विकले गेले. आपल्या तालुक्यातल्या बुद्धाबाबत तसे होऊ द्यायचे नसेल तर येत्या रविवारी मोजपट्टी आणि वही घेऊन निघा.

नमो बुद्धाय! जय भीम!